ऑफ झाले

लाँड्रीत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे घडीबाई म्हणत. हॉटेलांतून आलेल्या चादरी, टॉवेल, नॅपकिन यांच्या घड्या घालणं हे तर तिचं कामच होतं; पण चहाबरोबर आलेला कागद, बसचं तिकीट, गोळ्यांची रिकामी पट्टीसुद्धा ती कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायची. लग्न ठरलं तेव्हा मुलाचा फोटो तिने असाच घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. "म्हणून माझ्या नाकावरून रेघ गेलीय," असं तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि तो फोटो काढून दाखवायचाही.

नवरा सिटी बसवर ड्रायव्हर होता. अंगाने थोराड, बोलायला कमी. सायकलच्या दुकानामागे दोन खोल्यांचं घर. त्यात हे दोघं, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासू. धाकटा दीर दोन गल्ल्या सोडून राहायचा, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा. नणंद दुसऱ्या गावी.

घडीबाईचं शिक्षण बेताचं. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण इंग्रजी शब्द येत होते. ते तिने पुस्तकातून नाही, कामातून उचलले होते. 'ऑफ' हा त्यांतला सगळ्यात हाताळलेला शब्द. लाँड्रीत मेन स्विच ऑफ व्हायचा. पांढरी चादर आणि ऑफ-व्हाइट चादर एका गठ्ठ्यात गेली, की सुपरवायझरचं डोकं ऑफ व्हायचं. तिचा वीकली ऑफ सोमवारी, नवऱ्याचा बुधवारी. कधी अदलाबदल करून दोघांचे ऑफ एका दिवशी आले, की सासू म्हणायची, "आज मला घरात बसायला जागा नाही, मी आपली देवळाच्या नाही तर दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसते." मुलीचं कॉलेज ऑफ असायचं, नाहीतर मूड. आणि नवऱ्याची ड्यूटी लवकर सुटली, की त्याचा फोन यायचा, "ऑफ झालो गं. येतो." डेपोत सगळे असंच बोलत. गाडी ऑफ रोड, माणूस ऑफ ड्यूटी. पुढचा शब्द कुणी म्हणतच नसे.

त्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हा खांदा चोळत होता.

"रात्रीपासून अवघडलाय," तो म्हणाला.

"मग जाऊ नका ना आज."

"असं ऐनवेळी कोण देतंय ऑफ? दुपारी मागून बघतो. मिळाला तर येतो पडायला."

तिने त्याच्या डब्याच्या पिशवीत मलमाची ट्यूब टाकली. तो गेला. मग तीही गेली.

लाँड्रीत मधोमध गरम रोलरचं मशीन होतं. दोघी जणी ओली चादर दोन टोकांना धरून आत सारायच्या, पलीकडे दोघी जणी ती कोरडी, कढत चादर झेलून घडी घालायच्या. घडीबाई झेलणाऱ्यांत. तिच्या जोडीला जी बाई होती तिला सगळे रेडिओ म्हणत. कारण वेगळं सांगायला नको. मशीनच्या आवाजात बोलणं म्हणजे ओरडणंच, पण रेडिओ त्या आवाजावरही मात करायची.

जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. सुपरवायझरने आपल्या टेबलापासून हात हलवला. "घडीबाई, फोन! डेपोतून!"

मोबाइल ती कामावर आणत नसे. इथे तो लॉकरमध्येच ठेवावा लागायचा, त्यापेक्षा घरी राहिलेला बरा. म्हणून घरच्यांकडे आणि डेपोत लाँड्रीचाच नंबर दिलेला होता. तिने एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला रिसीव्हर लावला.

"ताई, टाइमकीपर बोलतोय."

"हां भाऊ, बोला."

"ताई..." पलीकडे जरा वेळ नुसती घरघर. "ताई, ते ऑफ झाले हो."

"ऑफ झाले?" ती म्हणाली. "बरं झालं! सकाळीच म्हणत होते. मी म्हटलंही त्यांना, आज जाऊच नका म्हणून."

पलीकडून काही आलं नाही. तिला वाटलं लाइन गेली. "हॅलो? भाऊ, पाठवा त्यांना घरी. सांगा म्हणावं, पडून राहा. माझी सुट्टी झाली की मी येतेच."

"आम्ही... आम्ही आणतो ताई. आधी दवाखान्यात... मग आणतो."

"आणता कशाला? घर माहीत नाही का त्यांना?" ती हसली. दवाखाना म्हटल्यावर तिला खांदा आठवला. "दाखवून घेताय ते बरं करताय. गोळ्या घ्यायलाच मागत नाहीत."

टाइमकीपर फोन ठेवून बसला. पुढे कधीतरी त्याने सांगितलं, की इतक्या वर्षांच्या नोकरीत असा फोन करायची त्याच्यावर पहिलीच वेळ होती. 'वारले' हा शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथेच अडला. त्याने त्यातल्या त्यात हलका शब्द उचलला. पुन्हा फोन करून उलगडून सांगायची हिंमत त्याला झाली नाही. भोवतीच्या माणसांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" तो बोलून गेला, "बरं झालं म्हणाल्या."

त्या दुपारी घडीबाई चांगल्या मनःस्थितीत होती. रेडिओने विचारलं, "कुणाचा फोन?" ती म्हणाली, "आमच्या ह्यांना ऑफ मिळाला." मग दोघींनी नवऱ्यांच्या औषध न घेण्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. सुट्टी झाल्यावर ती बाजाराकडून वळली. फ्लॉवरचा गड्डा घेतला; पांढरा, घट्ट. भाजीवाल्याशी थोडी घासाघीस केली, आलं फुकट मिळवलं. रमतगमत घरी आली.

सायकलच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. गल्लीत माणसं उभी होती, आणि तिला बघून ती बोलायची थांबली. सायकलवाल्याने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली.

"आईंना काही झालं का?" तिने विचारलं. सासूचं वय होतं, मनात तेच आलं.

त्याने मान खाली घातली. ती आत गेली. सासू खुर्चीत बसलेली होती, धडधाकट. तिच्या बाजूला मुलगी, डोळे सुजलेले. खाली जमिनीवर चादर पांघरून तो होता.

दीर भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "आता आलात वहिनी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न तिला कळला, पण तो कुणाला तरी दुसऱ्यालाच विचारलाय असं वाटलं. मग ती खाली बसली. चादरीचा एक कोपरा दुमडून आत गेला होता. तिने तो बाहेर काढला, सरळ केला, दुसऱ्या कोपऱ्याशी जुळवून पाहिला. खोलीतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती कधी हंबरडा फोडेल म्हणून दोघी तिला सावरायला सरसावून बसल्या होत्या. ती चादर नीट करत राहिली. थोड्या वेळाने त्या दोघीही सैल झाल्या.

त्याला नेलं तेव्हाही ती रडली नाही. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. कुणी पाणी दिलं, ती प्यायली. कुणी म्हणालं पड, ती पडली.

बोलणं मात्र थांबत नाही. डेपोतून ते दिराच्या दुकानात आलं, दुकानातून घरात. दिराने त्या दुपारी डेपोत विचारलं होतं, "वहिनीला कळवलं का?" आणि त्यांनी सांगितलं होतं, कळवलं. मग तो आणि मुलगी दवाखान्यात दाराकडे डोळे लावून बसले होते. ती आलीच नाही. शिफ्ट पूर्ण केली. भाजी घेऊन आली. आणि फोनवर म्हणाली काय, तर बरं झालं.

नणंद आली होती, तिने तिसऱ्या की चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात तिला गाठलं. दार लोटून घेतलं.

"वहिनी, एक विचारू? तू फोनवर 'बरं झालं' म्हणालीस?"

"हो."

"म्हणालीस?"

"म्हणाले."

नणंद थांबली. पुढे काहीतरी येईल म्हणून थांबली. घडीबाई ताटं पुसत होती. तिने एक ताट पुसून दुसऱ्यावर ठेवलं. सांगण्यासारखं खूप होतं आणि ते तिला माहीतही होतं. पण त्यासाठी तोंड उघडायचं, शब्द जमवायचे, समोरच्याचा चेहरा बघायचा, एवढं बळ आणायचं कुठून? शिवाय म्हणाली होतीच ना ती. खोटं थोडंच होतं?

नणंद डोळे पुसत बाहेर गेली. त्या दिवसापासून दिराने तिच्याशी बोलणं टाकलं. आला तरी दारातून "आई आहे का?" एवढंच विचारायचा. सासू तिच्या हातचा चहा निवून जाईपर्यंत तसाच ठेवू लागली.

मुलीला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती आईशेजारी पडली होती आणि एकदम उठून बसली. "आई, तुला वाटलं ड्यूटी ऑफ."

"हो."

"मग सांग ना त्यांना! कसलं काय काय बोलतायत!"

"काय सांगू?"

मुलगीच काकाकडे गेली सांगायला. काका म्हणाला, "तू तिची मुलगी आहेस, तू आईची बाजू घेणारच. पण इतकं का माणसाला कळत नाही?" ती रडत परत आली. मग मोबाइलमधला शब्दकोश काढून बसली. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट सरकवत मोठ्याने वाचू लागली. "दूर. बंद. सुटलेलं. रद्द. नासलेलं. किमतीत कमी. आई, एवढ्याशा शब्दाला केवढे अर्थ आहेत बघ. आणि 'वारले' त्यात कुठेच नाही. तो आपल्याच लोकांनी लावलाय."

"लावला म्हणजे आहेच की," घडीबाई म्हणाली. मुलीने मोबाइल बाजूला फेकला.

ती कामावर गेली तेव्हा सुपरवायझरने खुर्ची पुढे केली. तो वाईट माणूस नव्हता. "घाई काय आहे? अजून आठवडाभर ऑफ घ्या."

"सुट्टी नको," ती म्हणाली. तो शब्द तिने मुद्दाम टाळला नव्हता. तोंडात आलाच नाही. पुढे तो कधीच आला नाही. घरीही ती म्हणायची, दिवा मालव, पंखा बंद कर. मुलीच्या ते लक्षात आलं, आणि तीही तसंच म्हणू लागली.

रोलरवर सगळं पूर्वीसारखं होतं. चादरी येत होत्या, ती झेलत होती. एकदा रेडिओ किंचाळली. घडीबाईची दोन बोटं रोलरच्या कडेच्या पत्र्याला टेकली होती आणि ती तशीच उभी होती, दुसऱ्या हाताने चादरीचं टोक शोधत. रेडिओने तिचा हात ओढून नळाखाली धरला. "अगं, भाजलं ना! कळलं नाही तुला?"

"कळलं," ती म्हणाली. "उशिरा कळलं."

रेडिओ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प होती. लाँड्रीत असं कधी झालं नव्हतं.

टाइमकीपर एका रविवारी घरी आला. नवऱ्याच्या डेपोतल्या कपाटातल्या वस्तू द्यायच्या राहिल्या होत्या. एक स्वेटर, कंगवा, चष्म्याचं घर, मलमाची ट्यूब. त्याने त्या टेबलावर मांडल्या आणि अवघडून बसला. घडीबाई आत चहा टाकत होती. सासू समोर होती.

"तुम्हीच केलात ना फोन?" सासूने विचारलं.

"हो आजी."

"मग मला नीट सांगा. तुम्ही काय म्हणालात आणि ती काय म्हणाली."

त्याला हेच नको होतं आणि बहुतेक तो याचसाठी आला होता. "मी म्हणालो, ते ऑफ झाले."

"म्हणजे?"

"म्हणजे... गेले."

"मग गेले असं म्हणालात का?"

"नाही आजी. ऑफ झाले म्हणालो."

"तो रोज म्हणायचा," सासू म्हणाली. "रोज. फोन मीच उचलायचे पुष्कळदा. आई, आफ झालो, येतो. मला जर तुम्ही असं सांगितलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, ये बाबा लवकर."

टाइमकीपरने तोंडावर हात घेतला. पन्नाशीचा माणूस, सासूसमोर हमसाहमशी रडू लागला. "माझी चूक झाली. त्या हसल्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फोन ठेवून दिला."

घडीबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिला वाटलं होतं, हे कधी उघड झालंच तर आपल्याला हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. चहा सांडेल एवढंच वाटलं. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "घ्या भाऊ. साखर कमी असेल तर सांगा."

सासूने संध्याकाळी धाकट्या मुलाला बोलावून घेतलं. काय बोलली ते घडीबाईला ऐकू आलं नाही. दीर मान खाली घालून निघाला. दारात थांबून म्हणाला, "वहिनी, पंख्याचा आवाज येतोय. उद्या येऊन बघतो." ती म्हणाली, "बघा." दुसऱ्या दिवशी त्याने पंखा खाली काढला, तेल घातलं, पाती पुसली, परत लावला. एवढ्यावर ते मिटलं. त्यांच्या घरात माफी मागायची रीत नव्हती.

सासू मात्र तेवढ्यावर थांबली नाही. मुलगी कॉलेजात गेली होती, दोघीच घरात होत्या. सासू म्हणाली, "त्या दुपारी तू काय काय केलंस?"

"कुठल्या?"

"त्याच. फोन आल्यानंतर."

घडीबाई पलंगाच्या कडेवर बसली. "आई, मी मजेत होते," ती म्हणाली. बोलायला तिला वेळ लागत होता. "मला त्याचंच काही कळत नाही. ते गेले होते आणि मी हसत होते. रेडिओबरोबर ह्यांची चेष्टा केली. बाजारात गेले. भाजीवाला म्हणाला, आज खुशीत दिसताय. मी म्हटलं, हो, आज आमचे हे घरी आहेत. किती दिवसांत असा दिवस गेला नव्हता माझा."

सासू ऐकत होती.

"त्याचं काय करू, सांगा. सगळे विचारतात, रडलीस का. मला तो दिवस आठवला की आधी तीच दुपार आठवते. चांगली दुपार."

सासू म्हणाली, "तू चार तास जास्त लग्नाची राहिलीस. बाकीच्यांचं दुपारीच संपलं होतं." आणि उठून आत गेली, आणि गॅसवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

घडीबाईने पलंगावरची चादर काढली आणि कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली.

दिवस गेले. मुलीला एका औषध कंपनीच्या ऑफिसात काम लागलं. सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दीर आणि घडीबाई दोघं बाकावर शेजारी बसले होते, आणि त्याने न विचारता तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. लाँड्रीत नवीन रोलर आला, त्यावर पत्र्याच्या कडेला रबर होतं. तिला झेलणाऱ्यांतून काढून नव्या बायकांना शिकवायला उभं केलं. ती चांगलं शिकवायची. चूक झाली तर ओरडायची नाही. चादर सोडवून पुन्हा हातात द्यायची. बायका म्हणत, घडीबाई फार शांत आहे. जुन्या बायका काही म्हणत नसत.

एकदा तिच्या चपलेचा अंगठा तुटला. पगार झाला होता म्हणून ती सरळ दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसणारा. त्याने एक जोड काढला, तिच्या पायात सरकवला, अंगठ्याने पुढची बाजू दाबून पाहिली.

"घट्ट होतेय का हो?" त्याने विचारलं.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडू आलं. असं, की तिला स्टुलाची कड धरावी लागली. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, लहान मुलीला घेऊन आलेलं. ते मागे सरकलं. म्हाताऱ्याने तिचा पाय तसाच हातात धरून ठेवला.

"हो," ती म्हणाली. "घट्ट होतेय. खूप घट्ट होतेय."

"असू दे," तो म्हणाला. "एक नंबर मोठी काढतो."

तो उठला, मागच्या फळीवरून डबा शोधू लागला. त्याला तो लवकर सापडला नाही. तोवर ती रडली. मग नाक पुसलं. मोठ्या नंबरची चप्पल तिला बरोबर बसली. तिने ती पायातच ठेवली, जुनी जोडी त्याला टाकून द्यायला सांगितली, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून घरी चालू लागली.